करंटला रोध शून्य, मग उष्णता कुठं अडते?

२०२३ च्या जुलैत एलके-९९ वरून झालेला गोंधळ आठवत असेलच. दक्षिण कोरियातल्या एका टीमने सांगितलं की हा पदार्थ १२७ डिग्री सेल्सियसपर्यंत सुपरकंडक्टर (म्हणजे विजेला रोधच नसलेला पदार्थ) राहतो, मग काय, जो तो तरंगणाऱ्या काळ्या खड्याचे व्हिडिओ फिरवत बसला, आणि काही आठवड्यांतच बाकीच्या लॅबनी दाखवून दिलं की रोध एकदम खाली येताना दिसतो तो सॅम्पलमध्ये मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, कारण ते शंभर डिग्रीच्या थोडं वर गेलं की आपली रचनाच बदलतं. गोंधळ संपला पण एक प्रश्न मात्र मला तेव्हापासून सारखा विचारला जातो, की सुपरकंडक्टरमधून वीज विनाअडथळा जाते तर उष्णतापण तशीच सुसाट जात असणार ना?

नाही. बहुतेक वेळा उलटं असतं. आणि तांब्याच्या ऑक्साइडवाल्या सुपरकंडक्टरमध्ये तर उलटंही नाही आणि सुलटंही नाही, तिसरंच काहीतरी होतं. आजचा विषय तोच.

आधी साधा धातू घेऊ

गरम पाण्यात स्टीलचा चमचा ठेवला की दांडा तापतो, लाकडाचा ठेवला तर तापत नाही. आणि स्टीलमधून वीज जाते, लाकडातून जात नाही. हा योगायोग नाही. धातूत मोकळे फिरणारे इलेक्ट्रॉन असतात आणि तेच दोन्ही ओझी वाहतात, एका खांद्यावर विजेचा भार आणि दुसऱ्या खांद्यावर उष्णता. हमाल एकच असल्यामुळे दोन्ही मालांची ने-आण एकमेकांशी बांधलेली असते. १८५३ मध्ये वीडेमान आणि फ्रांझ या दोघांच्या लक्षात आलं की एकाच तापमानाला निरनिराळ्या धातूंसाठी उष्णतावाहकता भागिले वीजवाहकता हे गुणोत्तर जवळजवळ सारखंच येतं, आणि पुढे १८७२ मध्ये लोरेन्झने दाखवलं की हे गुणोत्तर तापमानाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे त्याला तापमानाने भागलं की एक ठराविक आकडा उरतो, २.४४ × १०⁻⁸ वॅट-ओहम प्रति केल्विन वर्ग. हा आकडा पाठ करायची गरज नाही, फक्त तो अस्तित्वात आहे एवढं डोक्यात ठेवा, पुढे त्याच्यावरून मोठं भांडण आहे.

उष्णता वाहणारा अजून एक गडी असतो. पदार्थातले अणू आपापल्या जागी थरथरत असतात आणि ती थरथर लाटेसारखी पुढे सरकते, या लाटेच्या छोट्यात छोट्या पुडीला फोनॉन म्हणतात. फोनॉनवर विजेचा भार नसतो, तो फक्त उष्णता नेतो. लाकडातून किंवा काचेतून जी काही थोडीफार उष्णता जाते ती याच्याच जिवावर.

(केल्विन म्हणजे काय हे विसरला असाल तर, शून्य केल्विन म्हणजे उणे २७३.१५ डिग्री सेल्सियस, त्याच्या खाली काही नाही.)

सुपरकंडक्टर झाला आणि हमाल संपावर गेले

१९११ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला कामरलिंग ओनेसने पारा थंड करत नेला आणि साधारण ४.२ केल्विनला त्याचा रोध गायब झाला. असं का होतं याचं नीट उत्तर यायला १९५७ उजाडलं, बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी ते दिलं. थोडक्यात सांगायचं तर इलेक्ट्रॉन दोन-दोनच्या जोड्या करतात आणि सगळ्या जोड्या मिळून एकाच तालात चालायला लागतात, इतक्या एका तालात की वाटेत एखादा खडा आला म्हणून एकच जोडी अडखळणार असं होत नाही, अडखळायचं तर सगळ्यांनी, आणि ते काही होत नाही. म्हणून रोध शून्य.

आता गंमत बघा. उष्णता म्हणजे मुळात अव्यवस्था, कोण जोरात हलतंय, कोण हळू, कोण डावीकडे, कोण उजवीकडे. आणि ज्या गर्दीत प्रत्येक जण अगदी एकसारखं पाऊल टाकतोय तिच्यात अव्यवस्था आहेच कुठं? जोड्यांकडे वाहून न्यायला उष्णताच नसते. वीज त्या मजेत नेतात पण दुसरा खांदा रिकामा. उष्णता नेणार ते फक्त जोडी तुटून सुटे झालेले इलेक्ट्रॉन, आणि जोडी तोडायला एक किमान ऊर्जा लागते, तिला गॅप म्हणतात. तापमान कमी करत गेलं की तेवढी ऊर्जा कोणाकडेच उरत नाही आणि सुट्यांची संख्या इतक्या वेगाने घसरते की थोड्याच वेळात मोजायलाही कोणी शिल्लक राहत नाही, मागे उरतात ते फक्त फोनॉन.

ही नुसती पुस्तकी गोष्ट नाही. अतिथंड प्रयोगांत अॅल्युमिनियमचा तुकडा उष्णतेचा स्विच म्हणून वापरतात. चुंबकीय क्षेत्र लावून त्याचं सुपरकंडक्टरपण घालवलं की उष्णता वाहते म्हणजे स्विच चालू, क्षेत्र काढलं की तो परत सुपरकंडक्टर होतो आणि उष्णता तुंबते म्हणजे स्विच बंद. विजेच्या दृष्टीने बघाल तर नेमका उलटा प्रकार.

तांब्याच्या ऑक्साइडमध्ये भिंतीला चार खिंडारं

१९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या लॅबमध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना लँथॅनम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनच्या एका सिरॅमिकमध्ये ३० केल्विनच्या पुढे सुपरकंडक्टिव्हिटी दिसली, पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी यिट्रियमवाल्या भावंडाने म्हणजे वायबीसीओने ९० केल्विन ओलांडले, म्हणजे ७७ केल्विनला उकळणाऱ्या द्रव नायट्रोजनने काम भागायला लागलं. हे पदार्थ थरांचे असतात, तांबं आणि ऑक्सिजनचे पातळ पत्रे एकावर एक, मध्ये बाकीचे अणू भरलेले, आणि खरा खेळ त्या पत्र्यांत चालतो.

जुन्या साध्या सुपरकंडक्टरमध्ये गॅप सगळ्या दिशांना साधारण सारखाच असतो, चारी बाजूंनी सलग उंच भिंत घातल्यासारखा. तांब्याच्या ऑक्साइडमध्ये मात्र इलेक्ट्रॉन कुठल्या दिशेला चाललाय त्यावर भिंतीची उंची ठरते, आणि चार दिशा अशा आहेत की तिथं उंची थेट शून्य होते. या चार जागांना नोड म्हणतात. (या रचनेला डी-वेव्ह असं नाव आहे, ते एकदा ऐकून सोडून द्या.) १९९३-९४ च्या सुमारास इलिनॉयमध्ये आणि आयबीएममध्ये झालेल्या बारीक चुंबकीय प्रयोगांनी यावर बऱ्यापैकी शिक्कामोर्तब केलं.

आता भिंतीला खिंडार असल्यावर काय होणार? कितीही थंड करा, नोडपाशी जोडी तोडायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, त्यामुळे थोडे इलेक्ट्रॉन कायम सुटे राहणार आणि उष्णता नेत राहणार.

मग ते सुटे इलेक्ट्रॉन मल्टिमीटरला का दिसत नाहीत?

कारण जोड्या त्यांना झाकून टाकतात. करंटला एक विनाअडथळा रस्ता मिळाला की तो सगळा तिकडून जातो, शेजारच्या खडबडीत पायवाटेवर काय चाललंय ते मीटरला कळतच नाही, तो शून्य दाखवून मोकळा. म्हणून सुपरकंडक्टरच्या आत काय शिजतंय हे विचारायचं असेल तर विजेला विचारून उपयोग नाही, ती मुकी झालेली असते. उष्णतेला विचारायचं. जोड्या तिला हातच लावत नसल्यामुळे ती फक्त सुट्यांची खबर देते. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे आणि बातम्यांत तिचं नाव कधी येत नाही, कारण तिथं सगळं लक्ष "रोध शून्य झाला का" यावर.

मोजायचं कसं, आणि फोनॉनचा हिशोब वेगळा कसा काढायचा

मांडणी ऐकायला अगदी साधी आहे. बारीकसा स्फटिक, साधारण मिलिमीटरच्या मापातला, एक टोक थंड ब्लॉकला जोडलेलं, दुसऱ्या टोकाला छोटा हीटर आणि मध्ये दोन थर्मामीटर. हीटरने ठराविक उष्णता सोडायची, दोन थर्मामीटरमधला फरक बघायचा, झालं. त्रास एवढाच की हे सगळं करायचं असतं एका केल्विनच्याही बरंच खाली, अगदी ०.०५ केल्विनपर्यंत, हेलियमच्या दोन प्रकारांचं मिश्रण वापरणाऱ्या खास फ्रिजमध्ये, जिथं कुठूनही चोरून आलेली चिमूटभर उष्णता अख्खं मोजमाप बिघडवते.

थर्मामीटर काही सांगत नाही की ही उष्णता इलेक्ट्रॉनने आणली की फोनॉनने. पण दोघांच्या सवयी वेगळ्या. एवढ्या थंडीत फोनॉनची वाहकता ढोबळमानाने तापमानाच्या घनात घटते, म्हणजे तापमान अर्धं केलं की ती आठवा हिस्सा, तर नोडवरच्या इलेक्ट्रॉनची साधी प्रमाणात, तापमान अर्धं तर वाहकता अर्धी. म्हणून एकूण वाहकतेला तापमानाने भागायचं आणि आलेख शून्य तापमानाकडे वाढवत न्यायचा, फोनॉनचा भाग शून्याला जाऊन मिळतो आणि जे काही उरतं ते इलेक्ट्रॉनचं. साध्या सुपरकंडक्टरमध्ये उरतं शून्य, वायबीसीओत उरतो एक छोटा पण पक्का आकडा.

खरं सांगायचं तर तो घनाचा नियम तंतोतंत पाळला जात नाही, स्फटिकाचे पृष्ठभाग फारच गुळगुळीत असले तर फोनॉन आरशावरच्या प्रकाशासारखे परावर्तित होतात आणि घात तीनपेक्षा कमी भरतो. रेघ नेमकी कुठून कशी ओढायची यावर त्यामुळे बरेच वाद झालेत. आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण शून्य होत नाही.

कचरा टाकला तरी आकडा हलत नाही

हा भाग मला पहिल्यांदा वाचला तेव्हा पटलाच नव्हता. साधी समजूत काय सांगते, की पदार्थात अशुद्धी टाकली तर इलेक्ट्रॉन जास्त वेळा धडकणार आणि वाहकता कमी होणार. १९९३ मध्ये पॅट्रिक ली याने गणित मांडून दाखवलं की नोड असलेल्या सुपरकंडक्टरमध्ये असं होणार नाही, शून्य तापमानाजवळ वाहकता अशुद्धीवर अवलंबूनच राहणार नाही. पुढे हेच उष्णतेलाही लागू होतं हे गणितातून निघालं, आणि १९९७ मध्ये लुई तायफेर आणि सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्ष करून बघितलं. वायबीसीओच्या स्फटिकांत तांब्याच्या जागी थोडं थोडं जस्त घातलं, शून्यापासून ३ टक्क्यांपर्यंत. जस्त म्हणजे या पदार्थांसाठी विषच, सुपरकंडक्टिव्हिटी सुरू व्हायचं तापमान चांगलंच खाली येतं, इलेक्ट्रॉनचं धडकणं कितीतरी वाढतं. आणि उष्णतेचा तो उरलेला आकडा? जिथल्या तिथं.

कसं काय? अशी कल्पना करा की एका रस्त्यावर बसगाड्या चालतात आणि पायी जाणारेही आहेत, आणि निरोप पोचवायचं काम फक्त पायी जाणाऱ्यांचं. रस्त्याला खड्डे पडले. खड्ड्यांमुळे काही बसगाड्या बंद पडल्या, त्यातले लोक खाली उतरून चालायला लागले म्हणजे निरोप नेणारे वाढले. पण त्याच खड्ड्यांमुळे प्रत्येक जण ठेचकाळत चालतोय, म्हणजे एकेकाचा वेग घटला. माणसं दुप्पट, वेग निम्मा, तासाला पोचणारे निरोप तेवढेच. इथं बस म्हणजे जोड्या, खड्डे म्हणजे जस्ताचे अणू. वाढ आणि घट एकमेकांना इतकी नेमकी का खातात हे उपमेतून नाही समजावता येणार, ते नोडपासून दूर जाताना गॅप सरळ रेषेत वाढतो त्यातून येतं. आणि हे सगळं अशुद्धी मर्यादेत असेपर्यंतच, वाट्टेल तेवढा कचरा टाकला तर मुळात सुपरकंडक्टरच उरत नाही.

अशुद्धी हिशोबातून बाद झाल्यावर उरलेला आकडा ठरतो तो मुख्यतः दोन वेगांच्या गुणोत्तराने, एक इलेक्ट्रॉनचा मूळ वेग आणि दुसरा, खिंडारापासून बाजूला सरकलं की भिंत किती झपाट्याने उंच होते ते सांगणारा. २००० साली केलेल्या मोजमापांतून हे गुणोत्तर वायबीसीओसाठी १४ आणि बिस्मथवाल्या एका पदार्थासाठी १९ च्या आसपास निघालं, आणि बिस्मथवाल्याचं गुणोत्तर प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर काढून मोजायच्या पूर्ण वेगळ्या पद्धतीनेही साधारण तेवढंच येतं. एक हीटर, दोन थर्मामीटर एवढ्या भांडवलावर गॅपचा आकार सांगता येतो, हे भारीच आहे.

"सॅम्पलच खराब असेल तर?"

शंका रास्त आहे. स्फटिकात काही तुकडे सुपरकंडक्टर झालेच नसतील आणि उष्णता तिथूनच गळत असेल, असं होऊ शकतं. पण मग प्रत्येक सॅम्पलला वेगळा आकडा यायला पाहिजे आणि जस्त टाकल्यावर तर तो नक्कीच हलायला पाहिजे. दुसरा पुरावा चुंबकीय क्षेत्राचा. साध्या सुपरकंडक्टरवर थोडं क्षेत्र लावलं तर अतिथंड अवस्थेत उष्णतेवर फारसा परिणाम होत नाही. नोड असले तर मात्र थोड्याशा क्षेत्रानेही सुटे इलेक्ट्रॉन वाढतात, तेही साधारण क्षेत्राच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, हे व्होलोविक या सिद्धांतवाल्याने १९९३ मध्येच सांगून ठेवलं होतं आणि वायबीसीओत तसंच दिसलं. खराब तुकड्यांना ही नक्कल जमणार नाही.

"पण आलेखात तर सुपरकंडक्टर झाल्यावर उष्णता वाढलेली दिसते"

बरोबर बघितलंत. वायबीसीओ ९० केल्विनच्या खाली नेला की उष्णतावाहकता आधी वाढते, चांगला उंचवटा येतो आणि मग पडते. बरीच वर्षं हे काम फोनॉनचं असं अनेकांना वाटत होतं. पण प्रिन्स्टनच्या फुआन ओंगच्या ग्रुपने १९९५ मध्ये चुंबकीय क्षेत्रात उष्णता बाजूला किती वळते ते मोजलं आणि त्यातून दिसलं की मोठा वाटा इलेक्ट्रॉनचाच आहे. जोड्या बनल्यामुळे गर्दी कमी होते, जे सुटे उरतात त्यांना धडकायला कोणी नसतं आणि ते लांब लांब पळतात. पुढे अजून थंड केलं की पळणारेच संपत जातात. अतिथंड भागातल्या गोष्टीशी याची गल्लत करू नका, दोन वेगळ्या मजल्यांवरची भांडणं आहेत ही.

२००१ ची सनसनाटी आणि तिचं पुढे काय झालं

आता तो १८५३ चा, उष्णतावाहकता भागिले वीजवाहकता या गुणोत्तराचा नियम. चुंबकीय क्षेत्राने सुपरकंडक्टिव्हिटी पूर्ण मोडून काढली की हे पदार्थ साध्या धातूसारखे वागतात का, म्हणजे उष्णता आणि वीज वाहणारा हमाल एकच आहे का, हे या नियमाने तपासता येतं. गुणोत्तर चुकलं तर याचा अर्थ आत आपल्या ओळखीचे इलेक्ट्रॉनच नाहीत, विजेचा भार एक जण नेतोय आणि बाकीचं दुसराच, असलं काहीतरी. २००१ मध्ये प्रासिओडिमियम आणि सेरियमवाल्या एका कॉपर ऑक्साइडवर हा प्रयोग झाला आणि साधारण ०.३ केल्विनच्या खाली उष्णता धाडकन पडली. नियम मोडला! नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला, सिद्धांतवाल्यांना कामच मिळालं.

मग २००५ मध्ये तायफेरच्याच ग्रुपने (२००१ च्या पेपरवरही त्याचं नाव होतं) समजावून सांगितलं की घसरण पदार्थाच्या स्वभावामुळे नाही. एवढ्या थंडीत इलेक्ट्रॉन आणि फोनॉन यांचं एकमेकांशी बोलणं जवळजवळ बंद होतं. हीटरची उष्णता जोडणीतून फोनॉनमध्ये शिरते आणि तिने पुढे इलेक्ट्रॉनकडे जावं अशी अपेक्षा असते, पण ती पोचतच नाही, मग मोजमापात इलेक्ट्रॉन जणू नाहीतच. मोजणारा म्हणतो इलेक्ट्रॉन उष्णता नेत नाहीत, प्रत्यक्षात त्यांच्या हातात ती कोणी दिलेलीच नसते. मधल्या काळात, २००२ मध्ये, थॅलियमवाल्या एका पदार्थावर ज्यात जास्तीचा ऑक्सिजन घालून सुपरकंडक्टिव्हिटी १५ केल्विनपर्यंत खाली आणलेली होती, तिथं नियम एखाद्या टक्क्याच्या फरकाने बरोबर निघाला होता. म्हणजे तिथं तरी आत साधेसुधे इलेक्ट्रॉनच आहेत. एलके-९९ वाल्या गोंधळात आणि यात फरक असा की इथं चूक शोधणारे बाहेरचे नव्हते, घरचेच होते, आणि मला त्याचं जास्त कौतुक वाटतं.

याचा उपयोग काय म्हणणाऱ्यांसाठी

जिनिव्हाजवळचा एलएचसी हा कणांचा महाकाय वेगवर्धक घ्या. त्याचे मुख्य चुंबक १.९ केल्विनला असतात आणि त्यांना १३,००० अँपिअरपर्यंत करंट लागतो जो बाहेरच्या नेहमीच्या तापमानातून आत न्यायचा असतो. साध्या तांब्याची जाड तार लावली तर १८५३ चा नियम आडवा येतो, रोध कमी करायला तार जाड करा तर तिच्यातूनच बाहेरची उष्णता आत ओतते, बारीक करा तर तार स्वतःच तापते, कुठूनही सुटका नाही. म्हणून थंड बाजूच्या टप्प्यात बिस्मथवाल्या कॉपर ऑक्साइडच्या पट्ट्या वापरल्यात, अशा जोडण्या हजाराच्या वर आहेत. वीज पूर्ण जाते, उष्णता फार थोडी. त्या पट्ट्यांचं आवरण चांदीचं असतं, आणि शुद्ध चांदी उष्णता फार छान नेते म्हणून तिच्यात मुद्दाम थोडं सोनं मिसळून तिला बिघडवलेलं आहे. सोनं घालून माल बिघडवायचा, असंही काम जगात असतं.

आणि आता फोनॉनच वळायला लागलेत

इतका वेळ आपण फोनॉनला हिशोबातून वजा करायची कटकट म्हणून वागवलं. २०१९ मध्ये तायफेरच्या ग्रुपने कॉपर ऑक्साइडमध्ये चुंबकीय क्षेत्र लावून उष्णता बाजूला किती वळते ते मोजलं आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठं, तेही उलट्या खुणेचं वळण मिळालं. ते अशा लँथॅनम कॉपर ऑक्साइडमध्येसुद्धा मिळालं जो वीज वाहतच नाही, म्हणजे तिथं वळायला मोकळे इलेक्ट्रॉनच नाहीत. २०२० मध्ये उष्णता पत्र्यांच्या आडवी, थरांच्या आरपार पाठवून बघितली तरी वळण तितकंच, आणि त्या दिशेने इलेक्ट्रॉन किंवा चुंबकीय लहरी फारशा हलतच नाहीत. राहता राहिला फोनॉन. पण फोनॉनवर विजेचा भारच नाही, मग चुंबकीय क्षेत्र त्याला धरतं कुठून? अशुद्धीच्या अणूंवर आपटताना तो एका बाजूला जास्त फेकला जातो असं काही जण म्हणतात, तर काहींच्या मते आतली चुंबकीय रचना त्याला ओढते, आणि दोन्ही बाजूंचे पेपर अजून येतच आहेत.